सात पायांचा श्रोता

माणसानं एकदा मनावर घेतलं तर घरात कोळी राहूच शकत नाही. एकसुद्धा! हे मी छातीठोकपणे सांगते. म्हणजे गेल्या सोमवारपर्यंत सांगत होते.

माझं कीर्तनाचं वेड अख्ख्या भवानी पेठेला माहीत आहे. कुठं टाळ वाजला की माझी पावलं तिकडं वळतात. मग गॅसवर डाळ असो नाहीतर दारात पाहुणा. डाळ करपते, पाहुणा कंटाळून निघून जातो, पण पूर्वरंग काही चुकत नाही. हे वेड मला लावलं माझ्या सासूबाईंनी. शांतम्मा त्यांचं नाव, घरात आम्ही सगळे अव्वा म्हणतो. लग्न होऊन आले तेव्हा स्वयंपाकघर दाखवायच्या आधी त्यांनी मला कीर्तनाला नेलं होतं!

दोन वर्षांपूर्वी अव्वा न्हाणीत पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, आणि तेव्हापासून त्या पुढच्या खोलीत खाटेवर आहेत. खाट दाराला लागून, म्हणजे येणारा-जाणारा दिसतो. जिना इतका अरुंद की खाट खाली न्यायची सोय नाही. मी आपली मोबाईलवर कीर्तनं लावून देते. त्या ऐकतात, मान डोलावतात आणि शेवटी उसासा टाकतात.

"चंद्रिका, ह्यो बुवा ग्वाड गातो गं. पन माझ्याकडं बघत न्हाय की."

"अव्वा, तो मोबाईलमध्ये आहे!"

"म्हनूनच म्हनते. बुवानं बघितलं पायजे. बघितल्याबिगर कीर्तन पोचत न्हाय."

मला ते लागलं. मी ठरवलं, बुवा घरी आणायचे! तेही ऐरेगैरे नाही, बार्शीचे अभिमन्यूबुवा! आवाज असा की कढत तुपात वेलदोडा टाकल्यावर दरवळतो ना, तसा कानात दरवळतो. फोन लावला. श्रावणातला सोमवार त्यांना मोकळा होता. मी हरखले.

"ताई, मानधनाचं मागाहून बोलू," बुवा म्हणाले. "जेवायला काहीही चालेल. एकच विचारतो. घरात कोळी?"

"कोळी?"

"जाळी करणारे! मैंदर्गीला मांडवातून एक थेट माझ्या चिपळीवर उतरला. मी आख्यान तिथंच टाकून जीपमध्ये जाऊन बसलो, ताई. प्रल्हाद खांबापाशी तसाच राहिला! लोक म्हणाले, बुवा, निदान नरसिंह तरी बाहेर काढा. मी काच वर केली. म्हणून आधीच सांगतो, एक जरी दिसला तरी मी उलट्या पावली बार्शी गाठणार."

"छे हो बुवा! आमच्या घरात कोळी? औषधाला सापडायचा नाही!"

फोन ठेवला आणि सहज वर बघितलं. अव्वांच्या खाटेच्या बरोबर वर, छताच्या कोपऱ्यात, पाय पसरून बसलेला. तपकिरी, केसाळ, उसाच्या पेरासारखे पाय! आणि माझ्याकडं असा बघत होता, जणू फोनवरचं सगळं त्यानं ऐकलंय.

दुसऱ्याच दिवशी मी कोळी मारणाऱ्या कंपनीला फोन केला. शिवराज नावाचा तरणाबांड मुलगा आला. निळा गणवेश, पाठीला टाकी, हातात नळी. लढाईला निघाल्यासारखा थाट. आमच्या ह्यांचं टॉवेल-चादरींचं दुकान आहे आणि दुकानात न मावणारे गठ्ठे पुढच्या खोलीत छतापर्यंत रचलेले असतात. ते बघून शिवराजनं कपाळावर हात मारला.

"मावशी, हे गठ्ठे म्हंजे कोळ्यांची सोसायटी हाय! आन् दारावर ह्यो पांढरा बल्ब? पांढऱ्या उजेडाला किडे येतात, किड्यांमागं कोळी येतात. तुमी रोज संध्याकाळी पंगत वाढताय की त्यांना!"

मी कामाला लागले. गठ्ठे दुकानात गेले. ह्यांना आता दुकानात आडवं होऊन शिरावं लागतं, पण त्याला इलाज नाही. दारावर पिवळा बल्ब आला. खिडक्यांना जाळी बसली. चौकटीच्या फटी पुट्टीनं बुजवल्या. देवांचे फोटो उतरवून मागची जळमटं काढली, पांढऱ्या कापसाच्या गोळीसारखी कोळ्यांची अंडी असतात, तीही झाडूला गुंडाळून बाहेर. उरला फवारा. शिवराजनं नळी उचलली आणि खाटेवरून आवाज आला.

"ए बाबा! इल्ला, इल्ला! न्हाय मारायचं! काय मारतो?"

"कोळी मारतोय, आज्जी."

"कोळी कोन हाय, म्हाईत हाय का तुला? तिकडं श्रीकाळहस्तीला म्हादेवाच्या पिंडीवर जाळं विणून सावली धरली त्यानं! दिव्यानं जाळं पेटलं तर जोत गिळायला धावला! भक्त हाय भक्त! औषध मारलं तर मी कीर्तन ऐकनार न्हाय. भितीकडं त्वांड करून झोपीन!"

अव्वा बोलतात तसं करतात. एकदा भांडून त्या दिवाळीभर भिंतीकडं तोंड करून झोपल्या होत्या. फराळसुद्धा भिंतीकडं बघत खाल्ला. शिवराजही म्हणाला, आत फवारलं तर घर चार तास बंद ठेवावं लागेल, आज्जींना कुठं नेणार? तो बिचारा बाहेरच्या चौकटीला औषध लावून निघून गेला.

आता माझा पेच बघा. कीर्तन अव्वांसाठी. अव्वांना कोळी मेलेला चालत नाही. बुवांना कोळी जिवंत चालत नाही. मग कोळ्यानं असावं तरी कसं?

पण मी हरणारी नाही! काचेचा ग्लास घेतला आणि कीर्तनाच्या पत्रिकांमधली एक जाड पत्रिका. कोळ्यावर ग्लास पालथा घालायचा, खालून पत्रिका सरकवायची, आणि अख्खा ऐवज ह्यांच्या हातात द्यायचा.

"पार कंबर तलावावर सोडून या!"

"तलावावर? एवढ्या लांब?"

"बुवा बार्शीहून येतायत, तुम्हाला तलाव लांब?"

हे गुपचूप ग्लास घेऊन निघायचे आणि गुपचूप रिकामा ग्लास घेऊन परत यायचे. लहान-मोठे सगळे कोळी गेले. आणि सगळ्यात शेवटी तो मोठा. पकडताना माझ्या लक्षात आलं की त्याला डावीकडचा एक पाय नाही. सातच पाय! जरा वाईट वाटलं, पण पाठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, अव्वांच्या वरच्या कोपऱ्यात, तपकिरी कोळी. पाय मोजले. सात.

परत पाठवला. परत आला. सात. पुन्हा पाठवला, पुन्हा हजर!  कंबर तलावावरून एक लंगडा कोळी भवानी पेठेत रोज चालत येईल का? मुळीच नाही. म्हणजे हे वेगवेगळे कोळी. म्हणजे सात पायांची निराळी जातच घरात शिरलेली! मी शिवराजला फोन केला.

"सगळ्यांना सातच पाय?" तो गंभीर झाला. "मग ती डेंजर जात असंल, मावशी. बघून सांगतो."

त्यानं काय बघितलं कुणास ठाऊक, पण त्यानंतर माझा फोन उचलला नाही.

रविवारी मात्र कोपरा रिकामा! गादीखाली, कपाटामागं, खाटेखाली बॅटरी मारून बघितलं. कुठंच नाही. ह्यांना विचारलं, तर हे म्हणाले, "गेला असेल." आणि चप्पल घालून दुकानात पळाले. अव्वा पानाच्या डब्यावर हात ठेवून शांतपणे पान चघळत होत्या. मी महादेवाला हात जोडले.

सोमवारी संध्याकाळी बुवा आले. आल्या आल्या पगडीची पेटी खाली ठेवून त्यांनी मोबाईलची बॅटरी लावली आणि कोपरान् कोपरा तपासला. फोटोंच्या मागं वाकून बघितलं. पडदा दोन बोटांनी उचलून झटकला. घरावर जप्ती आल्यासारखं वाटत होतं.  शेवटी बुवा वळले आणि प्रसन्न हसले.

"ताई, घर नाही, गाभारा आहे हो हा!"

मला आकाश ठेंगणं झालं. शेजारच्या गिरिजाबाईंनी ऐकलं ना, याची मी खात्री करून घेतली.

खोली माणसांनी गच्च भरली. समोरच्या भिंतीशी पेटी आणि तबला, मध्ये बुवा, आणि दाराशी खाटेवर अव्वा. नवी साडी, कपाळाला विभूती, मांडीवर बुवांना द्यायची घडीची चादर, उशाशी पानाचा पितळी डबा. डोळे असे लुकलुकत होते की मला भरून आलं. बुवा त्यांच्या पाया पडायला गेले तेव्हा अव्वांनी त्यांचा हात धरला.

"बुवा, काळहस्तीचं आख्यान लावा."

बुवांनी हळूच हात सोडवून घेतला. "अव्वा, ध्रुवाचं लावू का? फार गोड आहे."

"ध्रुव लई ऐकला. कोळ्याचं लावा. दोन वर्सं झाली बघा मला माणसासमोर बसून कीर्तन ऐकून."

त्यावर कोण नाही म्हणेल? बुवांनी एकदा छताकडं बघितलं, एकदा माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली: निर्धास्त असा! बुवा धीर करून उभे राहिले.

पूर्वरंग काय झाला म्हणून सांगू! मी डोळे मिटून डोलत होते. मध्यंतरात ह्यांनी बुवांना बुक्का लावला, हार घातला. आख्यान सुरू झालं. बुवा चालत चालत कीर्तन करतात. पेटीपासून दारापर्यंत येणार, पुन्हा पेटीपर्यंत जाणार. पिंडीची पूजा करणारा सर्प आला, हत्ती आला. आणि बुवांनी सुरात आळवलं, "आता ऐका त्या इवल्याशा जिवाची कथा..."

खट्ट!

अव्वांनी पानाचा डबा उघडला होता.

"अव्वा," मी कुजबुजले, "सुपारी मग खा."

"सुपारी न्हाय गं. त्याचीच कथा लागली न्हवं? त्यालाबी ऐकू दे की."

डब्याच्या कडेवर एक केसाळ पाय आला. मग दुसरा. मग... मोजायची गरजच नव्हती!

 मी ह्यांच्याकडं बघितलं. हे छताकडं बघत होते, जणू तिथं काहीतरी लिहिलंय.

"अहो!" मी दात आवळून म्हटलं. "तलावावर सोडला होता ना तुम्ही?"

"सोडणार होतो गं," हे पुटपुटले. "जिना उतरायच्या आत अव्वा हाक मारायची. मल्लू, आण रे त्याला माघारी. म्हणायची, दिवसभर वर बघत पडते, तेवढाच एक हलता जीव हाय. माझ्याकडं बघतो तरी. मग मी काय करू, तूच सांग! काल तिनं त्याला डब्यात लपवायला सांगितलं."

म्हणजे एकच कोळी! मी एकाच कोळ्याला रोज घराबाहेर काढत होते आणि तो रोज माझ्याच नवऱ्याच्या हातून आत येत होता! पण रागवायला वेळ नव्हता. तो डब्यावरून उतरून अव्वांच्या पदरावर चढला होता, आणि बुवा गात गात दाराकडं यायला निघाले होते.

मी मोठ्यांदा ओरडले, "नमः पार्वती पते!"

"हर हर महादेव!" सगळी खोली गरजली. बुवा दचकून थांबले, हसले आणि माघारी पेटीकडं वळले. वाचलो!

"अव्वा, डबा लावा! त्याला आत घाला!"

"गप बस. रंगलाय तो."

बुवा पुन्हा वळले. "नमः पार्वती पते!" बुवा पुन्हा थांबले. लोकांनी पुन्हा गर्जना केली, पण जरा बळ कमी पडलं. तिसऱ्या वेळी गिरिजाबाईंनी माझा दंड धरला.

"चंद्रिकाताई, भाव आवरा! बुवांना गाऊ द्या की!"

मी प्रसादाच्या ताटाजवळचा ग्लास उचलला, एक पत्रिका घेतली आणि गुडघ्यांवर सरकत खाटेकडं निघाले. डोक्यावरून पदर सुटला, बांगड्या जमिनीवर आपटत होत्या. "अंगात आलं वाटतं," मागून कुणीतरी म्हणालं. दोन बायकांनी मला वाट करून दिली आणि तिसरी माझ्या पाया पडली!

मी खाटेपाशी पोचले. ग्लास उचलला. कोळी अव्वांच्या गुडघ्यावर, चादरीच्या काठाशी. आणि तेवढ्यात बुवांचा सूर थांबला.

मी वर बघितलं. बुवा खाटेपासून तीन हातांच्या अंतरावर उभे होते. चिपळ्या हवेत. डोळे अव्वांच्या गुडघ्यावर खिळलेले. 

आता बुवा जाणार. मैंदर्गीसारखेच जाणार. आणि अव्वा दोन वर्षांनी लागलेलं कीर्तन अर्ध्यावर तुटलेलं बघणार. 

बुवांनी दाराकडं बघितलं. दार खाटेला लागून! बाहेर पडायचं तर अव्वांच्या गुडघ्याला घासूनच जावं लागणार. मागं पेटी, तबला आणि माणसांची भिंत. खिडक्यांना जाळी, तीही मीच बसवलेली. बुवांना कुठूनच वाट नव्हती!

"बुवा," अव्वा हळूच म्हणाल्या. "मग कोळ्यानं काय केलं?"

बुवांचे ओठ हलले. आवाज फुटेना. मग एकदम फुटला, आणि असा फुटला म्हणता! थरथरणारा, काकुळतीला आलेला, जिवाच्या आकांतानं! "धाव रे शंभो! धाव!" पेटीवाला गडबडून सूर शोधायला लागला. बुवा जागचे हलले नाहीत. पापणी लवली नाही. अव्वांकडं एकटक बघत, घामानं निथळत, त्यांनी तो कोळी गायला. जाळं विणताना गायला, ज्योतीवर झेप घेताना गायला. "देवा, ह्याला आता तुझ्यापाशी बोलाव!" म्हणताना तर त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. त्यांना ते किती मनापासून हवं होतं हे फक्त मला कळत होतं! गिरिजाबाई हमसून रडत होत्या. तबलजी डोळे पुसत होता. आणि अव्वा हात जोडून, तोंडावर अख्खा श्रावण घेऊन, बुवांच्या नजरेत नजर घालून बसल्या होत्या.

आरतीला सगळे उभे राहिले. मी घाईनं पदर झटकला, उशी उलटली, डबा बघितला. कोळी नाही! कुठंच नाही!

अव्वांनी चादर पुढं केली. बुवांनी लांबूनच दोन्ही हात ताणले आणि तापलेली कढई धरावी तशी ती घेतली, पिशवीत कोंबली, भिंतीला पाठ घासत दार गाठलं आणि मसाल्याचं दूधसुद्धा न घेता जिना उतरले.

"बघितलंस का चंद्रिका?" अव्वांनी माझा हात धरला. "सगळं आख्यान माझ्याकडं बघून केलं गं बुवानं! एकदाबी नजर हलवली न्हाय!"

लोक येऊन अव्वांच्या पाया पडत होते. असं भाग्य कुणाला मिळतं, म्हणत होते. मी हातातला ग्लास पदराआड लपवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी डाळ गॅसवर ठेवली आणि फोन वाजला. बुवा! आवाज इतका हळू, जणू शेजारी कुणीतरी झोपलंय.

"ताई. तुम्ही मला सांगितलं होतं, तुमच्या घरात कोळी नाही."

"बुवा, मी तुमची हात जोडून माफी..."

"नाही, नाही. ते आता खरं झालंय. मी चादर उलगडली."

 अव्वांनी खुणेनं मोबाईल मागितला. मी स्पीकर लावला.

"बुवा, किती पाय हाय त्याला?"

"सात."

"आपलाच गं!" अव्वांनी टाळी वाजवली. "मी सकाळधरनं हुडकतेय. बुवा, मारू नका बरं का त्याला."

"मारायला जवळ जावं लागतं, अव्वा."

"मग काय करतोय तो?"

"छतावर बसलाय. माझ्याकडं बघतोय."

अव्वांनी समाधानानं डोळे मिटले. "बघू द्या की. तुमी गावा."

 बार्शीहून एक थरथरता सूर आला, आणि बुवांनी नमन धरलं. आम्ही दोघी ऐकत बसलो. डाळ करपली, हे वेगळं सांगायला नको.

ऐकता ऐकता अव्वांनी एकदा वर बघितलं. कोपरा स्वच्छ होता. एक धागासुद्धा नाही. शिवराजनं बघितला असता तर मला शाबासकी दिली असती. अव्वा नुसत्या बघत राहिल्या.

संध्याकाळी मी स्टुलावर चढून दारावरचा पिवळा बल्ब काढला आणि परत पांढरा लावला. किडे यायला लागलेत. बघू या, कोण राहायला येतंय ते!